बंबाची ऊब मागच्या खोल्यांत : पंख्यांची ताजी खबर

मंडळी, पंख्यांचं काम बरंच पुढे सरकलंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ओटावाजवळचं जुनं एकमजली घर. खोल्यांत गरम हवा नेणारे डक्ट (हवेचे नळ) नाहीत, प्रत्येक खोलीत भिंतीच्या तळाशी विजेचे बेसबोर्ड हीटर, आणि बैठकीच्या खोलीत लाकडावर चालणारा ओतीव लोखंडाचा स्टोव्ह. घरात त्याला सगळे बंबच म्हणतात. बाहेर उणे वीस असताना बंबासमोर बनियनवर बसता येतं आणि पॅसेजच्या टोकाच्या खोलीत स्वेटर निघत नाही. विजेचे हीटर शक्यतो बंद ठेवून, पंख्यांनी बंबाची ऊब मागे पोचवून ही तफावत कमी करायची, एवढाच उद्योग.

पंखे तेच दोन, जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले १२० मिमीचे, १२ व्होल्टचे. बदलली ती जागा. आता ते बंबाच्या खोलीच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात नाहीत, पॅसेजमध्ये जमिनीवर आहेत, आणि त्यांचं तोंड बंबाकडे आहे. गार हवा बंबाच्या खोलीत ढकलायची, गरम हवा आपली आपण वरून बाहेर येते.

पटत नसेल तर उदबत्ती घ्या. बंब चांगला तापल्यावर, पंखे बंद ठेवून, दाराच्या चौकटीत ती वरपासून खाली हळूहळू आणा. वरच्या पट्टीखाली धूर आडवा होऊन पॅसेजकडे पळतो. छातीच्या उंचीवर तो गोंधळतो, कधी इकडे, कधी तिकडे. पावलांशी आणली की धूर सरळ बंबाच्या दिशेने जमिनीलगत ओढला जातो. म्हणजे एकाच दारातून जाणं-येणं आधीपासून चालूच आहे, पंख्याने फक्त त्याला हातभार लावायचा. वरून गरम हवेचा झोत मारला की तो वाटेत गार हवेत मिसळतो, आणि पॅसेजमधून जाणाऱ्याच्या डोक्यावर वारा येतो तो वेगळाच. खालच्या पंख्यांचा वारा फार तर घोट्याला लागतो.

थोडा हिशोब. पंख्यावर ६० सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलंय, म्हणजे तासाला साधारण १०० घनमीटर हवा. एका घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो, आणि एक किलो हवा एका अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो. म्हणजे दर अंश फरकामागे एक पंखा ३३ वॉट उष्णता हलवतो. माझ्याकडे बंबाच्या खोलीत छताजवळ २९ अंश आणि पॅसेजच्या जमिनीवर १५ अंश असतात. चौदा अंशांचा फरक, म्हणजे कागदावर एका पंख्यामागे ४६० वॉट. जाळी, खोक्याच्या कडा, वाटेतली वळणं यात बराच भाग जातो, पण अर्धा धरला तरी तीन वॉट खाणाऱ्या पंख्याकडून ही कमाई वाईट नाही. टोकाच्या खोलीत संध्याकाळी १६ असायचे, आता १९ च्या आसपास असतात. बंबाची खोली थोडी उतरली, पण तिथे उतरायलाच हवी होती.

पंखे बसवायचं खोकं सहा मिमी प्लायचं. पंख्याच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, ते आधी आखून मग जिगसॉ चालवायची. स्क्रूखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले की प्लायची घरघर थांबते. ते घातल्यापासून आमच्या सौ.ची तक्रार बंद आहे, आणि माझ्या लेखी डेसिबल मीटरपेक्षा ते प्रमाण जास्त भरवशाचं. वीज जुन्या राउटरच्या १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या अडॅप्टरवर. दोन्ही पंखे समांतर जोडलेत. रात्री ९ व्होल्टचा अडॅप्टर लावतो: हवा साधारण पाऊणपट होते, आवाज जवळजवळ नाहीसाच.

चालू-बंद करायला डब्ल्यू१२०९ हे स्वस्तातलं थर्मोस्टॅट बोर्ड. सेन्सर बंबाच्या खोलीत, पण बंबाच्या थेट धगीसमोर नाही, कपाटाच्या आडोशाला. बोर्डाच्या पी० या सेटिंगमध्ये 'सी' निवडायचं, म्हणजे खोली तापल्यावर रिले (विजेवर चालणारा स्विच) लागतो. पी१ मधला, चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक दोन अंशांचाच ठेवलाय. बंब विझत आला की पंखे आपोआप थांबतात, नाहीतर पहाटे गार हवाच घुसळत बसतील.

पेल्टियर (दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर वीज देणारी चकती) बसवून बंबावरच चालणारा पंखा करावा का, असं एकाने विचारलं होतं. तत्त्व झकास आहे, सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्येच दाखवलेलं. पण बाजारात सहज मिळणारा टीईसी१-१२७०६ हा पेल्टियर थंड करण्यासाठी बनवलेला असतो आणि त्याच्या स्वस्त आवृत्त्यांतलं सोल्डर १३८ अंशांना वितळतं. बंबाचा माथा सहज २०० च्या वर जातो. वीज बनवण्यासाठीचं, जास्त तापमान सोसणारं मॉड्यूल घ्या, नाहीतर नाद सोडा.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी. बंबाच्या खोलीतून हवा बाहेर ओढणारा पंखा लावून दार बंद केलं, तर खोलीतला दाब उतरतो आणि चिमणीतला धूर उलटा खोलीत येऊ शकतो. गार हवा आत ढकलण्याचं हे आणखी एक कारण. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, ते आधी बघा, पंखे नंतर.

आता अडलंय ते लेकीच्या खोलीपाशी. तिला दार लावून झोपायचं असतं, आणि दाराखालची फट जेमतेम दोन सेंटीमीटर. भिंतीत वर भोक पाडून पंखा बसवला तर फटीतून गार हवा बाहेर येईल, पण भिंतीतल्या आगरोधक आडव्या पट्ट्या कापायला मी तयार नाही, आणि इथल्या बांधकाम नियमांची परवानगी लागेल ती वेगळीच. तूर्तास दार बोटभर उघडं ठेवणारा लाकडी अडसर करून दिलाय. तो रोज सकाळी पलंगाखाली सापडतो. कुणी दारातच, खालच्या फळीत जाळी बसवली असेल तर मापं आणि आवाजाचा अनुभव कळवा.