विनाइलच्या बाहुल्या आणि नागपूरचा उन्हाळा

आजची दुपार धरमपेठेतील मैत्रिणीकडे, तिच्या संग्रहातील हाताने रंगवलेल्या विनाइलच्या फॅशन बाहुल्या आवरण्यात गेली. एकाच साच्यातून निघालेल्या दोघींपैकी एकीची भुवई केसभर वर आहे, तर दुसरीच्या मानेजवळ साच्याच्या जोडाची बारीक रेघ आणि हवेच्या बुडबुड्याने पडलेले टाचणीएवढे छिद्र दिसते. अशा खुणांना दोष ठरवून बाहुली परत पाठवणे मला पटत नाही; मला तर ती वर चढलेली भुवईच अधिक आवडली.

खरी काळजी करावी ती इथल्या मे महिन्याची. विनाइल म्हणजे पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला मऊपणा यावा म्हणून मिसळलेले प्लॅस्टिसायझर काळानुसार, आणि उष्णतेत अधिक वेगाने, पृष्ठभागावर येते, त्यामुळे बाहुली चिकट होते व तिच्यावर धूळ बसते. पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या शहरात बाहुल्या माळ्यावर ठेवू नयेत, हे माझे ठाम मत आहे. आम्ही त्या आतल्या खोलीतील कपाटात हलवल्या, हवाबंद पिशव्या काढल्या आणि प्रत्येकीला धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळले. गडद कपड्यांचा रंग विनाइलमध्ये झिरपतो, म्हणून काळे पोशाख वेगळे ठेवले. चिकटपणा कोमट पाणी व सौम्य साबणाने, रंगवलेला चेहरा टाळून पुसला. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कधीही वापरू नये. धातूच्या कर्णफुलांतील तांब्यामुळे कानांवर हिरवे डाग पडतात, त्यामुळे तीही काढून डबीत ठेवली.