वीज आल्यावर सर्व्हर आपणहून उठतो का? होमलॅबची प्रगती

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून सध्या एकाच गोष्टीच्या मागे लागलोय. कोकणातल्या घरी ठेवलेला सर्व्हर, घरात कुणी नसताना वीज गेली तर नीट बंद व्हावा आणि आली की आपणहून पूर्ण उठावा. नीट बंद करण्याची सोय बहुतेक जण करतात, परत उठण्याचा विचार मात्र राहून जातो. माझ्या मते खरं काम तिथेच आहे.

मांडणी साधी आहे: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चालवणारा मिनी पीसी, त्याला फोटो आणि बॅकअपची यूएसबी डिस्क, डीएनएससाठी, म्हणजे वेबसाइटच्या नावांवरून आयपी पत्ते शोधायला, रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, आणि डेटा पोर्ट असलेला यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा देणारा बॅटरीचा डबा. विकत घेताना तो पोर्ट आहे ना, हे बघूनच घ्या. नसेल तर बॅटरी किती उरलीय हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही. घरात इन्व्हर्टर असला तरी यूपीएस लागतोच, कारण इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना पडणाऱ्या क्षणभराच्या खंडात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

यूपीएसशी बोलायला नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर. माझ्याकडे यूएसबीएचआयडी ड्रायव्हर चालला. मेगाटेक प्रोटोकॉलवाल्या यूपीएसना क्यूएक्स ड्रायव्हर लावा. नटची 'अप्ससी' ही कमांड चालवल्यावर चार्ज, लोड, रनटाइम दिसू लागले की जोडणी झाली.

मेख पुढे आहे. बॅटरी उतरली, शटडाउन सुरू झालं आणि नेमकी तेव्हाच वीज आली, तर काय होतं? शटडाउन मध्येच थांबत नाही, मशीन बंद होतं. यूपीएसने मात्र पुरवठा कधी तोडलेलाच नसतो, त्यामुळे बायोसच्या (मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) लेखी वीज गेलीच नव्हती. मग बायोसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' हे सेटिंग असूनही मशीन तसंच पडून राहतं, आणि तुम्ही पुण्यात बसून, ते जागं आहे का बघायला, पिंग मारत राहता.

उपाय नटमध्येच आहे. यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या अप्समॉन या त्याच्या भागाच्या कॉन्फिगमध्ये पॉवरडाउनफ्लॅग (खुणेच्या फाइलची जागा) द्या. शटडाउनच्या अगदी शेवटी, डिस्क अनमाउंट झाल्यावर, तो फ्लॅग बघून यूपीएसला आउटपुट तोडायचा हुकूम जातो, मग मेन, म्हणजे बाहेरची वीज, परत आलेला असो वा नसो. ऑफडिले (तोडण्याआधीचा थांबा) संपला की आउटपुट तुटतं आणि मेन असेल तर ऑनडिलेनंतर (परत देण्याआधीचा थांबा) परत येतं. यूएसबीएचआयडी ड्रायव्हरमध्ये हे आकडे मुळात २० आणि ३० सेकंद असतात. ऑनडिले नेहमी ऑफडिलेपेक्षा मोठा हवा. काही यूपीएस मिनिटांतच मोजतात, म्हणून मी ६० च्या पटीत, ६० आणि १८० ठेवलेत. आमच्याकडे वीज आली की लगेच एक-दोनदा परत जाते. तीन मिनिटांत तो प्रकार बहुधा संपतो.

याची चाचणी बॅटरी न उतरवताही होते. मेन चालू ठेवून 'अप्समॉन -सी एफएसडी' ही सक्तीच्या शटडाउनची कमांड द्या. सगळा शटडाउन सुरू होतो आणि वर सांगितलेला अडचणीचा प्रसंग हुबेहूब घडतो. यूपीएसचा टक् असा आवाज येऊन सॉकेट मृत झालं, आणि थोड्या वेळाने मिनी पीसीचा दिवा आपोआप लागला, तेव्हा मनापासून आनंद झाला.

आता उठण्याबद्दल. कोणती डिस्क कुठे जोडायची (माउंट करायची) हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमधल्या यूएसबी डिस्कच्या ओळीला 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, हा पर्याय हवाच. नसेल आणि डिस्क वेळेत दिसली नाही, तर सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. दुरून लॉगिन करायचं एसएसएचही येत नाही. पण नोफेलमुळे दुसरा धोका येतो: डिस्क माउंट झालेली नसताना डॉकरचे कंटेनर, म्हणजे सर्व्हरवर वेगवेगळे चालणारे ॲप, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये खुशाल लिहू लागतात आणि मूळ एसएसडी भरत जाते. यावर मला सगळ्यात आवडलेली युक्ती: डिस्क काढून ठेवा आणि रिकाम्या माउंट पॉइंटवर (डिस्क जिथे जोडली जाते त्या फोल्डरवर) 'चॅटर +आय' ही बदल रोखणारी कमांड चालवा. आता तिथे रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या यूजरलाही) फाइल बनवता येत नाही, 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. डिस्क माउंट झाली की तिचं स्वतःचं फाइलसिस्टिम वर बसतं, तिथे हा निर्बंध नसतो. चूक गुपचूप वाढण्याऐवजी लगेच लॉगमध्ये दिसते.

रास्पबेरी पायचं दुखणं वेगळं. पाय ४ मध्ये घड्याळाची चिप नाही. पाय ५ मध्ये ती आहे, फक्त तिची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. वीज बराच वेळ गेली तर पाय ४ मागच्याच वेळेत उठतो. त्यावर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्या, तपासत असेल आणि घड्याळ फार मागे असेल, तर सह्या अवैध ठरतात, नावं सापडत नाहीत. आणि वेळ ज्या सर्व्हरकडून घ्यायची त्याचंही नाव सापडत नाही. हे चक्र तोडायला क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला मिनी पीसीचा थेट आयपी दिला. मिनी पीसीला स्वतःचं घड्याळ आहे.

बॅकअप क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या जुन्या सोयीतून) काढून सिस्टमडी टायमरवर नेला, 'पर्सिस्टंट' ट्रू करून. रात्री वीज नव्हती म्हणून हुकलेला बॅकअप मशीन उठल्यावर चालतो.

राहिलंय ते राउटर आणि फायबरच्या डब्याचं. तो डबा सर्व्हरपेक्षा सावकाश उठतो, तोवर वायरगार्ड या व्हीपीएनला एंडपॉइंटचं (पलीकडच्या टोकाच्या सर्व्हरचं) नाव सापडत नाही आणि टनेल सुरूच होत नाही. तिथे नावाऐवजी व्हीपीएसचा (पलीकडच्या भाड्याच्या सर्व्हरचा) आयपी टाकतोय, आणि डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस बघतोय. कुणी वापरत असाल तर पूर्ण लोडवर तो किती वेळ टिकतो, ते जरूर कळवा.