एका प्रोटीनचं स्ट्रक्चर सुटेपर्यंत - माझा पीएचडीचा अनुभव

प्रोटीनचा आकार (स्ट्रक्चर) कॉम्प्युटरवर वर्तवणारा आल्फाफोल्ड हा एआय प्रोग्रॅम असताना एक्स-रेने तो आकार काढायला क्रिस्टल कशाला वाढवता, हे मला पीएचडीच्या पहिल्या वर्षी खूप जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. 2020 च्या कॅस्पमध्ये, म्हणजे प्रोटीनचे आकार ओळखायच्या स्पर्धेत, त्या प्रोग्रॅमने जे करून दाखवलं ते खरंच मोठं होतं, 2024 च्या केमिस्ट्री नोबेलमध्ये पण त्याचा वाटा आहे. माझ्या प्रोटीनचं, म्हणजे बॅक्टेरियातल्या एका एन्झाइमचं, प्रेडिक्शन आमच्याकडे होतंच आणि बहुतेक सगळं मॉडेल भरवशाचं दिसत होतं. फक्त अ‍ॅक्टिव्ह साइटच्या, म्हणजे जिथे रिअ‍ॅक्शन होते त्या जागेच्या, तोंडाशी प्रोटीनच्या साखळीचा एक वळसा, लूप, होता, तिथे कॉन्फिडन्स स्कोर 50 च्या खाली, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच सांगतोय की इथलं माझं काही धरू नका. आणि आम्हाला जाणून घ्यायचं होतं ते नेमकं त्या लूपबद्दलच, सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो रेणू, आत आल्यावर लूप करतो काय. क्रायो-ईएमसाठी, म्हणजे गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघायला, प्रोटीन लहान होतं, त्यामुळे क्रिस्टलशिवाय मार्ग नव्हता.

आधी प्रोटीन शुद्ध करायचं. ई. कोलायमध्ये बनवा, पेशी फोडा, हिस-टॅग, म्हणजे निकेलला चिकटणारी शेपटी, आहे म्हणून निकेलच्या कॉलमवर पकडा, मग आकारमानाप्रमाणे वेगळं करणारं साइज एक्सक्लूजन. ऐकायला सोपं वाटतं, पण माझं प्रोटीन कॉन्सन्ट्रेट करायला घेतलं की ट्यूबमध्ये पांढरं होऊन खाली बसायचं. मीठ वाढवून बघितलं, पीएच बदलला, ग्लिसरॉल घातलं, थोडा फरक पडायचा आणि परत तेच. सुटका झाली ती शेजारच्या लॅबमधल्या एका पोस्टडॉकमुळे. ते म्हणाले, अंदाजाने बफर बदलत बसू नकोस, थर्मल शिफ्ट कर. तापमान वाढवत चमक मोजणारं क्यूपीसीआर मशीन त्यांच्या लॅबचं, त्यांनी स्वतः शेजारी बसून शिकवलं, प्रोटीनमध्ये एक डाय घालायचा, 96 खाचांच्या प्लेटमध्ये वेगवेगळे बफर, आणि तापमान वाढवत न्यायचं, प्रोटीन उलगडलं की डाय चमकतो. ज्या बफरमध्ये ते जास्त तापमानापर्यंत टिकतं तो बफर घ्यायचा. पुढचं सगळं काम त्या एका प्लेटवर उभं राहिलं.

मग क्रिस्टल. प्रोटीनचा अगदी छोटा थेंब, त्यात तेवढंच क्रिस्टलायझेशनचं द्रावण, शेजारी त्याच द्रावणाचा साठा आणि वरून सील. थेंबातलं पाणी हळूहळू उडून साठ्याकडे जातं, थेंब घट्ट होत जातो आणि नशीब असेल तर रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत लागतात. नाहीतर नुसता गाळ. कधीकधी सुंदर क्रिस्टल दिसतात आणि ते मिठाचे निघतात, म्हणून यूव्ही मायक्रोस्कोपखाली बघून घ्यायचं, ट्रिप्टोफॅन असलेलं प्रोटीन तिथे चमकतं.

आमच्याकडे क्रिस्टल रूम सगळ्या ग्रुपांची एकच, आणि प्लेट बघायची पाळी लावलेली असते. म्हणजे तुमच्या आठवड्यात तुम्ही फक्त स्वतःच्या नाही, सगळ्यांच्या प्लेट बघायच्या, काही दिसलं तर फोटो काढून त्या माणसाला कळवायचं. नवीन मुलांना हे काम डोक्यावर टाकल्यासारखं वाटतं पण मला वाटतं क्रिस्टलोग्राफी शिकायची याच्याइतकी चांगली जागा नाही, कारण एका प्रोटीनवर काम करून तुम्हाला एकाच प्रकारचं अपयश दिसतं आणि तिथे पन्नास प्रकारचं दिसतं. माझ्या पहिल्या सुया पण दुसऱ्याच कोणाला तरी त्याच्या पाळीत दिसल्या होत्या.

सुयाच होत्या, केसासारख्या बारीक, एक्स-रेसाठी निरुपयोगी. मी त्यांचे फोटो आमच्या आठवड्याच्या मीटिंगला नेले. ही मीटिंग म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्या स्ट्रक्चरवाल्या ग्रुपांची, क्रिस्टलवाले, एनएमआरवाले, क्रायो-ईएमवाले सगळे, आणि तिथे न सुटलेलं काम आणायचं असा रिवाज आहे, तयार स्लाइड कोणी दाखवत नाही. प्रश्न आधी सगळ्यात नव्या विद्यार्थ्यांनी विचारायचे, प्राध्यापकांनी शेवटी. हे ज्यांनी ठरवलं त्यांचे मनापासून आभार, कारण मोठी माणसं एकदा बोलली की पोरं गप्प बसतात. त्या दिवशी क्रिस्टल रूम सांभाळणाऱ्या टेक्निशियन मॅडम मागून म्हणाल्या, "या सुया चुरडून टाक, आणि त्याचं सीड घालून पूर्ण स्क्रीन परत लाव." स्क्रीन म्हणजे वेगवेगळ्या द्रावणांचा संच, तेव्हा ज्या कंडिशनमध्ये सुया आल्या तिथेच घुटमळायचं नाही, क्रिस्टलचे बारीक तुकडे अगदी वेगळ्या कंडिशन्समध्ये बी म्हणून टाकायचे. पद्धत माहिती असलेली आहे, पण मी पीएच आणि पीईजी (द्रावणातलं एक पॉलिमर) जरा जरा बदलण्यात अडकले होते. या वेळी प्रोटीनबरोबर सबस्ट्रेटसारखाच पण रिअ‍ॅक्शन न होणारा एक रेणू मिसळला होता, आणि दोन-तीन थेंबांत जाड, धारदार कडांचे क्रिस्टल आले.

सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे जोरदार एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्राचा, बीमटाइम ग्रुपांमध्ये वाटून घेतात. क्रिस्टल छोट्या फासात उचलून, बर्फ होऊ नये म्हणून ग्लिसरॉलमधून काढून लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायचे, पक नावाच्या डबीत भरून पाठवायचे, तिथे रोबो एकेक उचलून बीमसमोर धरतो आणि आपण आपल्या स्क्रीनवरून बघतो. माझ्या पहिल्या क्रिस्टलच्या इमेजेस बर्फाच्या वर्तुळांनी भरलेल्या निघाल्या, आमच्या वाट्याची वेळ संपत आली, तेव्हा दुसऱ्या ग्रुपच्या मुलाने आपली राहिलेली वेळ देऊन टाकली. त्यात 1.9 अँगस्ट्रॉमचा, म्हणजे अणूंच्या जागा ठरवता येतील इतका बारीक, डेटा मिळाला. पूर्ण डेटासेटला मिनिटभर लागला असेल. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या क्रिस्टलचा पहिला एक्स-रे फोटो काढला 1930 च्या दशकात आणि स्ट्रक्चर आलं 1969 मध्ये, हे त्या रात्री सारखं डोक्यात येत होतं.

डिटेक्टरवर क्रिस्टलमधून विखुरलेल्या एक्स-रेच्या डागांची तीव्रता मिळते, लाटांची फेज मिळत नाही, आणि फेजशिवाय इलेक्ट्रॉन कुठे आहेत त्याचा नकाशा निघत नाही. इथे आल्फाफोल्डनेच हात दिला, कमी भरवशाचा लूप कापून टाकला आणि उरलेलं मॉडेल मॉलिक्युलर रिप्लेसमेंटला, म्हणजे ओळखीच्या मॉडेलवरून फेज काढायला, वापरलं, लगेच बसलं. कूट या प्रोग्रॅममध्ये नकाशा उघडला तर कापलेल्या जागी हिरवी डेन्सिटी, म्हणजे मॉडेलमध्ये नसलेलं काहीतरी, लूप चक्क बंद झालेला आणि त्याच्या आत अजून एक हिरवा गोळा. माझ्या गाइड सरांना दाखवलं, ते बराच वेळ मॉडेल फिरवत राहिले आणि म्हणाले, मीटिंगला ने.

मीटिंगला पहिल्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, हा तुमचा रेणूच आहे कशावरून, ग्लिसरॉल असू शकतो ना? क्रायोसाठी आपणच घातलंय. खोलीत शांतता. प्रश्न अगदी बरोबर होता. मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणारा आर-फ्री चांगला होता, साखळीचे कोन तपासणारा रामचंद्रन प्लॉट स्वच्छ होता, पण अ‍ॅक्टिव्ह साइटमधला गोळा कोणाचा हे त्यातून ठरत नाही. मग रेणू न घालता क्रिस्टल वाढवले, त्याच ग्लिसरॉलमधून काढले, परत डेटा. तिथे गोळा नाही आणि लूपची डेन्सिटी पण नाही, म्हणजे रेणू नसताना लूप हलत राहतो आणि रेणू आल्यावर लूप त्याच्यावर झाकणासारखा बसतो. आमच्या पेपरचा मुख्य मुद्दा हाच झाला, आणि तो प्रेडिक्शनमध्ये नव्हता.

दोन्ही स्ट्रक्चर पीडीबीमध्ये, म्हणजे प्रोटीन स्ट्रक्चरच्या जगभरच्या खुल्या संग्रहात, जमा केली. 1971 मध्ये 7 स्ट्रक्चरवर सुरू झालेला तो संग्रह आता दोन लाखांच्या पुढे गेलाय, आणि आल्फाफोल्ड शिकला तो तिथे लोकांनी फुकट ठेवलेल्या कामावर, हे ते "कशाला वाढवता" विचारणाऱ्यांना मी आवर्जून सांगते. कच्च्या इमेजेस पण टाकल्यात, कोणाला आमचा गोळा तपासायचा असेल तर तपासता यावा म्हणून. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीचं नाव लेखकांच्या यादीत आहे, रेणू नसलेला डेटासेट तिनेच गोळा केला होता.