घाबरू नका, काही होत नाही

जेवणानंतरची साखर तपासायची होती म्हणून लॅबचा मुलगा दुपारी घरी आला. चुणचुणीत पोरगा, एका कानात बाळी, खांद्याला निळी पेटी. मी बाही वर केली तर म्हणतो कसा, "घाबरू नका हं काकू."

मी घाबरलेच नव्हते. हा गेला की चहा टाकता येईल, एवढाच विचार डोक्यात होता. पण त्यानं तसं म्हटल्यावर मी पहिल्यांदा सुईकडे नीट पाहिलं. चांगली लांब होती की!

हे माझं जुनं दुखणं आहे. कुणी धीर द्यायला आलं की माझा असलेला धीर सुटतो. 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' असं टीव्हीच्या पट्टीवर आलं की मी आधी पिण्याचं पाणी भरून ठेवते. आणि मुलगा परगावाहून फोन करून "आई, आधी सांगतो, काळजी करू नकोस" अशी सुरुवात करतो, तेव्हा पुढचं वाक्य येईपर्यंत मी त्याला हॉस्पिटलात पाहून आलेली असते. पुढचं वाक्य बहुधा 'पाकीट हरवलं' असं असतं.

लहानपणी आमच्याकडे धीर देण्याचं खातं काकांकडे होतं. 1979चा जुलै. आम्ही अलिबागला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. स्कायलॅब पडणार म्हणून सगळीकडे नुसता बोभाटा. अमेरिकेनं आकाशात सोडलेली 77 टनांची प्रयोगशाळा, ती खाली येणार आणि कुठे पडेल ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मरायचंच आहे तर खाऊन मरू, म्हणून लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापल्याचे किस्से लोक अजून सांगतात. आमच्या वर्गातल्या एकानं तर ती शाळेवरच पडणार असं ठाम सांगितलं होतं, आणि अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आशाच जास्त होती.

मी मात्र रात्री अंथरुणात बसून रडायचे. काकांनी मला जवळ घेतलं, शाळेचा नकाशा उघडला आणि शास्त्रीय पद्धतीनं समजूत काढली. "हे बघ, पृथ्वीवर तीन भाग पाणी नि एकच भाग जमीन. म्हणजे ते पडणार कुठे? समुद्रात!"

आणि समुद्र कुठे होता? आमच्या मागच्या दारी. पावसाळ्याचे दिवस, रात्रभर त्याची गाज ऐकू यायची. त्यानंतर मी जे भोकाड पसरलं, ते काकांच्यानं काही आवरेना. शेवटी ते नकाशा गुंडाळून ओसरीवर रेडिओ लावून बसले.

आजीनं नकाशा वगैरे काही पाहिला नाही. तिनं मोड आलेल्या वालांची परात माझ्यापुढे सरकवली. "पडायचं तेव्हा पडेल. उद्या बिरडं करायचंय, एवढं सोलून दे."

वाल सोलणं ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. कोमट पाण्यातला दाणा चिमटीत धरायचा, शेंड्याकडून दाबायचा, की तो साल सोडून सटकन उडतो. कधी परातीत, कधी समोरच्याच्या मांडीवर. साल बोटालाच चिकटून राहते. बोटांना सुरकुत्या पडतात, त्या उग्रट वासानं नाक भरून जातं. अर्धी परात होईस्तोवर मला झोप येऊ लागली होती. स्कायलॅब 11 जुलैला रात्री खाली आली. तिचे उरलेसुरले तुकडे पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स गावाच्या आसपास पडले. तिथल्या स्थानिक मंडळानं म्हणे 'नासा'ला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलर दंड ठोठावला. बिरडं दुसऱ्या दिवशी छान झालं होतं.

आजी हुशार होती म्हणून तिनं असं केलं, असं मला मुळीच वाटत नाही. तिला खरोखरच वाल सोलून हवे होते. काका माझी भीती घालवायला आले होते, ते मला लगेच कळलं होतं. लहान मुलांना ते बरोबर कळतं. घाट उतरताना एसटीचा कंडक्टर दाराला टेकून शांतपणे सुटे पैसे मोजत असतो ना, त्याला पाहून जितकं बरं वाटतं तितकं कुठल्याही 'सुरक्षित प्रवास' लिहिलेल्या पाटीनं वाटत नाही.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. त्या पुण्याच्या, नारायण पेठेतल्या. 12 जुलै 1961ला सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. वाड्यातले एक वडीलधारे दारात उभं राहून सगळ्यांना सांगत होते, "इथवर पाणी आलेलं आम्ही कधी पाहिलं नाही, काही होत नाही." माणूस भला, आवाज भारदस्त, सगळ्यांनी ऐकलं. वाड्यातली माणसं माडीवरून शेजारच्या गच्चीत जाऊन वाचली. सासूबाईंचा मॅट्रिकचा दाखला खालच्या खोलीतल्या ट्रंकेत होता. तो गेला. पुढे त्याच्या नकलेसाठी त्यांनी खेटे घातले, पण तोवर लग्न ठरलं, नोकरीचं मागे पडलं ते पडलंच. त्या गृहस्थांना मात्र त्या कधी बोल लावत नाहीत. "ते बिचारे स्वतःलाच सांगत होते गं," म्हणतात.

तेव्हापासून कुणी 'काळजीचं कारण नाही' म्हटलं की त्या कागदपत्रं वर चढवतात. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे हे सांगून काही उपयोग होत नाही. घराचे कागद, पासबुकं, मुलाच्या मार्कशीट, आता माझा साखरेचा रिपोर्टसुद्धा, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावर गेलंय. शिडी शेजारच्यांनी दिवाळीत नेली, ती अजून त्यांच्याकडेच आहे.