मानेचं दुसरं ऑपरेशन

मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारणं हे माझं काम. गळा चालला तर घर चालतं. पुण्यात झालेल्या पहिल्या ऑपरेशनात मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली, म्हणजे सी-५ सी-६ ची गादी काढून प्लेट बसवली होती. गळ्याच्या उजव्या बाजूला छोटा काप, हाताची कळ गेली. काही वर्षांनी मधल्या बोटाला मुंग्या आणि कोपर ताठ करताना जोर नाही. या वेळी खालची, सी-६ सी-७ ची गादी.

इथल्या डॉक्टरांना नवल वाटलं नाही. असे मणके जोडले की शेजारच्या गादीवर ताण येतो, शिवाय ती वयाप्रमाणेही झिजते. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात असा त्रास वर्षाला शंभरांत सुमारे तिघांना निघाला होता.

मी म्हटलं, "तेच ऑपरेशन ना परत?"

"तेच नाही, काका. पहिल्या वेळी अन्ननलिका, श्वासनलिका अलगद बाजूला सरतात. आता तिथं आतून सगळं चिकटलेलं असणार." म्हणजे अन्ननलिकेला इजा, गिळायचा त्रास, आवाजाच्या नसेला धक्का, सगळ्याचीच शक्यता पहिल्यापेक्षा जास्त. मागून केलं तर ही चिकटलेली जागा टळते, पण स्नायू सोडवावे लागतात, दुखणं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. माझी गादी मधोमध फुगलेली, त्यामुळं पुढूनच बरं.

मग डावीकडून जायचं, जागा कोरी आहे. पण आधी घशाच्या डॉक्टरांकडं. आवाज तर खणखणीत होता! ते म्हणाले, एक स्वरतंतू लुळा असला तरी दुसरा सांभाळून घेतो, माणसाला पत्ता लागत नाही. उजवा पहिल्या ऑपरेशनातच गेला असेल आणि डावीकडून शिरताना डावाही गेला, तर श्वासाचीच वाट बंद. गळ्याला छिद्र पाडायची वेळ. म्हणून उजवा लुळा निघाला असता, तर चिकटलेल्या उजवीकडूनच परत गेले असते. हे मला सगळ्यात उलटं वाटलं, आणि पटलंही.

नाकातून दुर्बीण घालून 'ई' म्हणायला लावलं. यार्ड दणाणून सोडणाऱ्या माणसाला 'ई'! दोन्ही तंतू हलत होते.

जुनी प्लेट काढायची वेळ आलीच तर तिच्याच मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, म्हणून पहिल्या ऑपरेशनची नोट आणि प्लेटचा स्टिकर मागितला. मुलगा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन घेऊन आला. तंबाखू बंद करायला लावली, निकोटीननं हाड जुळायला अडथळा येतो. यार्डात राहून तंबाखू सोडणं हे वेगळंच ऑपरेशन.

ऑपरेशन झालं, हाताची ताकद येतेय. गिळताना मात्र या खेपेला बराच काळ अडकायचं. कडक भाकरी दुधात कुस्करून, शेंगाचटणी नाहीच. आवाज दुपारनंतर बसतो, म्हणून सकाळचे सौदे मी पुकारतो आणि उरलेले पुतण्या. भाव चढवायला अजून कचरतो तो.