इच्छापत्र तयार, पण घेणार कोण?

ह्यांचे शेवटचे 19 दिवस व्हेंटिलेटरवर गेले. डॉक्टर विचारायचे, "पुढे काय करायचं?" आणि मी नि मुलगी एकमेकींकडे बघत राहायचो. ह्यांना काय हवं होतं, ते घरात कधी बोलणंच झालं नव्हतं. ती वेळ लेकीवर पुन्हा येऊ नये म्हणून मी माझं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, करायला घेतलं.

कागद दोन दिवसांत झाला. बरं होण्याची आशा उरली नसेल तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, वेदना कमी करणारी औषधं मात्र द्या, असं साध्या मराठीत लिहिलं. दोन साक्षीदार आणि नोटरी. सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालानुसार न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ती अट कोर्टानेच जानेवारी 2023 मध्ये काढली.

अडलं ते पालिकेत. एक प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तो अधिकारी कोण, हेच आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आवक-जावकच्या खिडकीवरून जन्म-मृत्यू विभागात पाठवलं. तिथल्या मुलाने कागद न वाचताच विचारलं, "मयत कोण?" माझा जीव कसानुसा झाला. मग आरोग्य विभाग. "आजी, मृत्युपत्र रजिस्ट्रारकडे करतात." अहो, मृत्युपत्र मालमत्तेचं, हे उपचारांचं! चार टेबलांवर चार वेळा सांगितलं. साहेब मीटिंगला. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर.

तिसऱ्यांदा निकालाची छापील प्रत नेली, प्रत स्थानिक संस्थेकडे द्यायची, त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि म्हटलं, "घेणार नसाल तर तसं लेखी द्या." तेव्हा कुठे शिक्का बसला. शाई सुकलेली, दोनदा मारावा लागला. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हो, एक राहिलं. आपल्या वतीने निर्णय घेणारी दोन नावं लिहा, मी लेक आणि पुतण्या लिहिले. फॅमिली डॉक्टरांनाही प्रत द्या. आणि कागद आहे म्हणून लगेच नळ्या काढत नाहीत, आधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासून संमती देतात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

लेकीने तिची प्रत दोनदा वाचली. "शेवटी घरीच न्यायचं, हे नक्की ना आई?"

"नक्की."

तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.