मोटरहोम घेताना: किती चालली यापेक्षा किती उभी राहिली ते पाहा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मित्रमंडळींपैकी कोणी जुनी मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घ्यायचे ठरवले, की ‘गाडी किती मैल चाललेली असावी?’ हा प्रश्न ते मला हमखास विचारतात. मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न योग्यच आहे, परंतु मोटरहोमच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. बारा वर्षांत जेमतेम वीस हजार मैल झालेली गाडी जाहिरातीत ‘अत्यंत कमी वापरलेली’ म्हणून मिरवत असते. याचा खरा अर्थ एवढाच, की ती बहुतेक काळ पावसात, दमट हवेत आणि त्याच चार चाकांवर एकाच जागी उभी होती. माझे स्पष्ट मत आहे, की मोटरहोम चालल्याने जितकी झिजते त्यापेक्षा उभी राहिल्याने अधिक खराब होते, आणि खरेदीचे जवळजवळ सगळे निर्णय या एका गोष्टीच्या आधारे घ्यावेत.

आधी गाडीच्या यांत्रिक भागाविषयी. येथील बहुसंख्य मोटरहोम फियाट डुकाटो किंवा तिच्याच भावंडांच्या, म्हणजे प्यूजो बॉक्सर आणि सिट्रोएन रिले यांच्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात. या मालवाहू व्हॅन असल्याने त्यांची इंजिने दणकट असतात आणि नियमित सर्व्हिसिंग झालेले असेल तर ऐंशी हजार मैलांना घाबरण्याचे कारण नाही. मात्र टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, मैलांप्रमाणेच वर्षांच्या हिशेबानेही बदलावा लागतो, हे कमी चाललेल्या गाडीचे मालक विसरतात. चालू गाडीत तो तुटला तर इंजिनाचे मोठे नुकसान होते. टायरचेही तसेच आहे. वरची नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी रबर वयाने कडक होते आणि बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडतात. टायरवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांत बनावटीचा आठवडा आणि वर्ष असते. ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांपुढचे टायर असतील तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

तरीही इंजिन, ब्रेक, टायर हे सारे दुरुस्त होऊ शकते. ज्यापुढे भलेभले हात टेकतात ती गोष्ट म्हणजे ओल. पारंपरिक पद्धतीच्या मोटरहोमच्या भिंती बाहेरून ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लास, मध्ये थर्मोकोलसारखा थर व लाकडी पट्ट्या आणि आतून पातळ प्लायवूड अशा असतात. छत आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा, खिडक्यांच्या चौकटी, छतावरच्या झडपा, मागच्या दिव्यांची भोके या सगळ्या जागा सीलंटने, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लवचीक लेपाने, बंद केलेल्या असतात. हे सीलंट काही वर्षांनी वाळते, त्याला केसाएवढी फट पडते आणि पाणी आत शिरते. ते लगेच दिसत नाही. भिंतीच्या पोटातल्या लाकडी पट्टीत झिरपत राहते आणि आतल्या प्लायवूडवर डाग उमटेपर्यंत पट्टी भुसभुशीत झालेली असते.

म्हणून गाडी पाहायला जाताना शक्यतो दोन-तीन दिवस पाऊस झाल्यानंतर जावे आणि दार उघडताच पहिल्यांदा नाकावर विश्वास ठेवावा. बंद माळ्यावरच्या जुन्या पुस्तकांना येतो तसा कुबट वास आला तर सावध व्हावे. सुगंधी फवाऱ्याचा दरवळ आला तर अधिकच सावध व्हावे. त्यानंतर प्रत्येक कपाट रिकामे करून, टॉर्च घेऊन, आतल्या वरच्या कोपऱ्यांवर अंगठा दाबून पाहावा. निरोगी भिंत टणक लागते. ओल खाल्लेली भिंत अंगठ्याखाली किंचित दबते, कधी कागदासारखी करकरते, आणि वरच्या वॉलपेपरवर बारीक सुरकुती किंवा फुगवटा दिसतो. चालकाच्या डोक्यावरचा पलंग, मागचे दोन्ही खालचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या कमानींवरचा भाग एवढ्या जागा तरी सोडू नयेत. ओल मोजण्याचे साधे यंत्र स्वस्तात मिळते. पंधरा टक्क्यांपर्यंतचे आकडे सर्वसाधारण समजले जातात, पंधरा ते वीसमध्ये लक्ष ठेवावे लागते आणि त्याच्या वर आकडा गेला तर कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकाच भिंतीवर एका जागी आकडा अचानक उसळत असेल, तर तो सर्वत्र थोड्या वाढलेल्या आकड्यांपेक्षा अधिक गंभीर समजावा.

येथे एक कागद फार मोलाचा ठरतो. एमओटी चाचणीत गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे की नाही एवढेच पाहतात. आतल्या घराकडे कोणी पाहत नाही. त्यासाठी हॅबिटेशन चेक नावाची वेगळी वार्षिक तपासणी असते. तीत गॅसची गळती, वीजजोडणी, हवेच्या झडपा आणि ओल तपासून भिंतीभिंतीचे आकडे नकाशावर लिहून देतात. ती कायद्याने सक्तीची नसल्याने पुष्कळ मालक टाळतात. ज्याच्याकडे वर्षानुवर्षांचे हे अहवाल लावून ठेवलेले असतील, त्याला दोन हजार पौंड जास्त द्यावे लागले तरी मी देईन.

वजनाचा विषय परवान्याशी निगडित आहे आणि तो नीट समजून घेतला नाही तर पुढे सगळेच अडते. १ जानेवारी १९९७ नंतर येथे मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीला साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच मोटरहोम चालवता येते. म्हणजे भारतातून आलेले आपण बहुतेक जण याच गटात मोडतो. त्यापेक्षा जड गाडीसाठी वेगळी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी लागते. म्हणून उत्पादक ३,५०० किलोच्या मर्यादेत गाडी कशीबशी बसवतात, आणि मग सामानासाठी उरलेली क्षमता तुटपुंजी असते. समजा कागदावर ती ४०० किलो आहे. चालकाचे वजन बहुधा आधीच धरलेले असते, पण बाकीचे तीन प्रवासी सरासरी पंचाहत्तर किलोंचे धरले तर २२५ किलो तिथेच संपतात. बाहेरची ताडपत्रीची छत्री तीस किलो, दुसरी बॅटरी पंचवीस किलो, दोन विजेच्या सायकली आणि त्यांचा रॅक मिळून साठ-सत्तर किलो. उरलेल्या पन्नास-साठ किलोंत अंथरूण-पांघरूण, कपडे, खुर्च्या, भांडी, कुकर आणि आठवड्याचा शिधा बसवायचा असतो, आणि शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो हे अजून धरलेलेच नाही. शिवाय सायकली मागच्या चाकांच्याही मागे टांगलेल्या असल्याने त्यांचा भार तरफेसारखा काम करतो. मागच्या आसावर त्यांच्या प्रत्यक्ष वजनाहून जास्त बोजा येतो आणि पुढची चाके तेवढी हलकी होतात. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस अतिभारित असू शकतो. रस्त्यात तपासणी झाली तर दंड होऊ शकतो, आणि वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेऊ न देण्याचीही शक्यता असते. तेव्हा घेण्यापूर्वी विक्रेत्याला गाडी वजनकाट्यावर न्यायला सांगावे आणि दोन्ही आसांचे वेगवेगळे वजन लिहून घ्यावे.

आकाराबाबत माझा सल्ला ठाम आहे: आपण सहज बाहेर काढू अशीच गाडी घ्यावी. साडेसात मीटरची प्रशस्त गाडी प्रदर्शनात मोहात पाडते. तीच गाडी कॉर्नवॉलच्या अरुंद रस्त्यांच्या धास्तीने महिनोन्‌महिने जागची हलत नाही आणि मग वर सांगितलेले सगळे रोग तिला जडतात. चार जण झोपू शकतात म्हणजे चार जण पट्टे लावून बसू शकतात, असेही नव्हे. दोन्ही आकडे वेगळे असतात. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर शिडी चढून जायचा वरचा पलंग त्यांच्या कामाचा नाही, आणि रोज रात्री जेवणाचे टेबल मोडून पलंग जोडणे दोन दिवसांनंतर जिवावर येते. खालचा कायमचा पलंग आणि त्याला लागून स्वच्छतागृह ही रचना त्यांच्यासाठी उत्तम. पसंतीच्या रचनेची गाडी आधी भाड्याने घ्यावी, आणि तीही जुलैत न घेता नोव्हेंबरच्या पावसाळी शनिवार-रविवारी घ्यावी. चार माणसे ओल्या कोटांसह आत कोंडली गेली की रचनेतले गुणदोष आपोआप कळतात.

आपला स्वयंपाकही विचारात घ्यावा लागतो. कुकरच्या शिट्ट्या आणि उकळती आमटी यांतून निघणारी वाफ थंड खिडक्यांवर आणि कपाटांच्या पाठीमागे जमते, आणि ओल बाहेरून आली काय किंवा आतून आली काय, लाकडाला सारखीच. स्वयंपाक चालू असताना छतावरची झडप उघडी ठेवावी आणि फोडणी, तळण बाहेरच्या शेगडीवर करावे. जमिनीलगतच्या हवेच्या कायमच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नयेत. हवा खेळती नसली की साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने माणसे झोपेत दगावतात. त्याचा गजर चालू आहे ना, हे प्रत्येक प्रवासाआधी तपासावे. थंडीत गॅस प्रोपेनच असावा, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबते आणि हीटर नेमका पहाटे बंद पडतो.

गाडी ठेवायची कुठे, हे खरेदीआधी ठरलेले असावे. नव्या वसाहतींच्या खरेदीखतात दारासमोर मोटरहोम उभी करण्यास मनाई करणारे कलम पुष्कळदा असते. लंडनमध्ये किंवा लंडनलगत राहणाऱ्यांनी इंजिन धुराच्या प्रदूषणाबाबतच्या युरो ६ दर्जाचे आहे का ते पाहावे, कारण ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे महापालिका विभागांत, ३,५०० किलोपर्यंतच्या जुन्या डिझेल गाडीला प्रदूषण शुल्क म्हणून दिवसाला साडेबारा पौंड पडतात. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला यायचे म्हटले तरी ते चुकत नाहीत. मुक्कामासाठी कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब या दोन मोठ्या क्लबांपैकी एकाचे सभासदत्व घ्यावे, म्हणजे शेतकऱ्यांच्या जागेवरच्या, फक्त पाच गाड्यांना परवानगी असलेल्या शांत जागा खुल्या होतात. स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येते, हा समज मोटरहोमला लागू नाही; २००३ च्या कायद्याने दिलेला मुक्त संचाराचा हक्क इंजिनाच्या वाहनांना नाही.

हिवाळ्यापूर्वी पाण्याची टाकी, बॉयलर आणि नळ्या पूर्ण रिकाम्या कराव्यात आणि नळ उघडे ठेवावेत. बॉयलरमध्ये राहिलेले पाणी गोठून फुगले की तो फुटतो आणि नव्या बॉयलरचा खर्च डोळे पांढरे करतो. गाद्या भिंतीपासून दूर उभ्या कराव्यात, फ्रिजचे दार किलकिले ठेवावे, लेड-ॲसिड बॅटरी कधीही निम्म्याखाली उतरू देऊ नये. महिन्यातून एकदा अर्धा तास तरी गाडी रस्त्यावर फिरवावी. जागेवर इंजिन चालू करून बंद केल्याने ब्रेकचा गंज निघत नाही आणि टायर त्याच जागी दबून राहतात.

खासगी मालकाकडून घेतल्यास किंमत कमी पडते, पण नंतर तक्रारीला फारशी जागा राहत नाही. डीलरकडून घेतल्यास २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष गाडी तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. या तीस दिवसांतच घरापासून तासाभराच्या अंतरावर दोन रात्री मुक्काम करावा. पहिल्या रात्री सगळी उपकरणे बॅटरी आणि गॅसवर चालवावीत, दुसऱ्या रात्री बाहेरच्या विजेवर. फ्रिज दोन्हींवर थंड होतो का, गरम पाणी किती वेळात येते, पाऊस पडल्यावर सकाळी कोपऱ्यांतले आकडे काय येतात, हे तारखेसह लिहावे आणि दोष आढळल्यास त्याच दिवशी डीलरला लेखी कळवावे.